चाळ उतरवल्यावर मनाचं काय?

#१ शहापूर_कट्टा

मंडळी, हा धागा नाचावर पोट असलेल्यांसाठी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यात असे लोक बरेच आहेत आणि नाना तऱ्हांचे आहेत. भरतनाट्यम, कथकचे क्लास चालवणारे, जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात नाचणारे, लावणीच्या पार्टीत चाळ (पायातले घुंगरू) बांधणारे, लग्नाच्या संगीताचे नाच बसवणारे, शाळांच्या गॅदरिंगवर निम्मं वर्ष काढणारे. तिशी-पस्तिशीला गुडघा बोलायला लागतो, नाहीतर लग्न-बाळंतपण मध्ये येतं, नाहीतर सुपाऱ्याच आटतात. काम बदलावं लागतं. त्या मधल्या वर्ष-दीड वर्षात मनाचं काय होतं आणि त्यावर नेमकं काय करायचं, हे एका जागी हवंय.

दोन विनंत्या. आपापल्या कहाण्या इथे नकोत, त्याला दुसरा धागा आहे. इथे काय, कधी, किती, कुठे आणि काय चुकतं एवढंच लिहा. दुसरी, सीमाप्रश्न इथे काढू नका.

माझं मत आधीच मांडते. नाच थांबला की माणूस खचतो, एवढं म्हणून भागत नाही. एका दिवसात चार गोष्टी जातात: दिवसाचं वेळापत्रक, झोप आणणारा अंगाचा शीण, बघणाऱ्यांची नजर आणि हातातला पैसा. चारही एकदम सुटल्या तर भलाभला कोसळतो. म्हणून एकेक सोडायची. कोणती आधी, कोणती शेवटी, यावर बोला.

#२ ढोलकीचा_घुमारा

लावणीत चाळ, कथकात घुंगरू आणि आमच्या पलीकडच्या कन्नड गल्लीत गेज्जे. शीर्षकापासूनच भांडण लावलंय ताई तुम्ही. वाचतोय.

#३ संथ_लय

मी दवाखान्याच्या बाजूने सुरुवात करते. आधी रक्त तपासा. उदास वाटणं, सतत थकवा, झोपेचा बोऱ्या, वजन वाढणं ही लक्षणं थायरॉइड मंदावला, हिमोग्लोबिन खाली गेलं, बी-१२ किंवा ड जीवनसत्त्व कमी पडलं तरी हुबेहूब तशीच दिसतात. टीएसएच, सीबीसी, बी-१२ आणि व्हिटॅमिन डी या चार तपासण्या करून घ्या. सकाळ-संध्याकाळ बंद हॉलमध्ये शिकवणाऱ्यांच्या अंगाला ऊन लागत नाही, त्यांनी शेवटची टाळू नये.

त्यानंतर पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरला दाखवायचं. नाचणाऱ्यांच्या बाबतीत इथे एक गफलत होते. थकवा, भुकेत फरक, हालचाल मंद होणं हे प्रश्न त्यात आहेत आणि हंगाम संपल्यावर पहिले पंधरा दिवस हे सगळ्यांनाच होतं. म्हणून शेवटच्या कार्यक्रमानंतर लगेच भरू नका. तिसऱ्या आठवड्यात भरा, सहाव्या आठवड्यात पुन्हा भरा. आकडा उतरत असेल तर शरीर सावरतंय. तिथेच अडला असेल किंवा चढला असेल तर वाट बघू नका.

नववा प्रश्न मात्र वेगळा. तो मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज न बघता, तिसरा आठवडा न बघता, त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि १४४१६ ला फोन लावा. ही टेली-मानसची सरकारी सेवा आहे, फुकट आणि चोवीस तास.

#४ हुक्केरी_हायवे

हे मनाचे चोचले नवे आहेत. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर चालू कार्यक्रमात बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. त्यांनी कुठली प्रश्नावली भरली होती?

#५ तुणतुणं

विठाबाईंचं उदाहरण येणार हे ठाऊकच होतं, पण पाचव्याच्या आत येईल असं वाटलं नव्हतं. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झालेल्या या बाईची शेवटची वर्षं हलाखीत गेली, हे त्याच दमात कुणी सांगत नाही. त्या प्रसंगात बाळंतपणाचीही सोय नसलेला फड दिसतो की नुसती त्यांची हिंमत दिसते, ते ज्याचं त्याने ठरवावं. त्यांची हिंमत आज गुडघा सुजलेल्या पोरीला टोमणा म्हणून ऐकवायची नसते, एवढंच.

#६ हुक्केरी_हायवे

अर्धं मान्य. उरलेल्या अर्ध्यावर नंतर येतो.

#७ फडाचा_हिशेब

मनाचं बोलताय ते बरोबर, पण आमच्याकडे मनाच्या आधी उचल येते. तिचा हिशेब मिटल्याशिवाय थांबायचं ठरवणंच शक्य नसतं.

तमाशाचा हंगाम दसऱ्याला उभा राहतो आणि वैशाखात संपतो. पावसाळ्याचे चार महिने बिनकामाचे. त्या काळात लग्न, आजारपण, घराची कौलं, पोरांची फी यासाठी पार्टीच्या मालकाकडून उचल घेतली जाते, म्हणजे पुढच्या हंगामातली मजुरी आधीच खर्च झाली. गुडघा जाऊ दे नाहीतर मन जाऊ दे, दसऱ्याला उभं राहावंच लागतं. कितीही समुपदेशन केलं तरी या माणसाला रात्री झोप लागणार नाही, कारण झोप उडवणारा आकडा मालकाच्या वहीत आहे.

थांबायचं असेल तर निदान एक पूर्ण हंगाम आधी ठरवा. शंभर पानी वही घ्या, चार रकाने आखा: तारीख, गाव, ठरलेली मजुरी, त्यातून उचलीत वळती झालेली रक्कम. दर महिन्याला मालकाची किंवा मॅनेजरची सही घ्या. सही देत नसतील तर त्याच रात्री त्यांना मोबाइलवर 'आज अमुक इतके वळते झाले, बाकी अमुक' असा मेसेज टाका. उत्तर आलं नाही तरी तारीखवार नोंद राहते. शेवटच्या हंगामात नवी उचल घ्यायची नाही, नवी साडी घेण्याएवढीसुद्धा नाही. चुकतं ते इथेच. निरोपाचा हंगाम म्हणून नवे दागिने, नवा पोशाख होतो आणि उचल पुन्हा होती तिथे.

उचल फिटेपर्यंत दुसरीकडे काम करायचं नाही असा धाक कुणी घालत असेल तर ते १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं. जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देता येतो. अर्ज दिला नाही तरी हा कायदा माहीत आहे एवढं कळल्यावर बोलण्याचा सूर बदलतो.

#८ पायताण_अथणी

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, त्यात आमचा बेळगाव जिल्हाही आहे. नाचणाऱ्यांच्या गुडघ्याला कधी मिळणार?

#९ फरशी_आणि_फिजिओ

#१ मधल्या 'अंगाचा शीण' या मुद्द्यावर. रोज दोन-तीन तास घाम गाळणाऱ्याने एकदम शून्यावर येऊ नये. सवयीचा व्यायाम अचानक तुटला की आठवड्या-दोन आठवड्यांत झोप उथळ होते, चिडचिड वाढते, मन बसतं. हे स्वभावामुळे होत नाही, शरीरामुळे होतं. त्यामुळे दुखापतीने सक्ती केली नसेल तर बारा आठवड्यांत उतरा. दर दोन आठवड्यांनी रियाजाचा साधारण सहावा हिस्सा कमी करा आणि सुटलेल्या वेळात चालणं, सायकल, पोहणं यांपैकी काहीतरी घाला. भरतनाट्यमवाल्यांनी सगळ्यात आधी मुळुमंडी (पूर्ण बैठक) आणि उड्या सोडायच्या, मग अरमंडीची (अर्ध्या बैठकीची) खोली अर्धी करायची. हस्त आणि अभिनय शेवटपर्यंत ठेवायचे. कथकमध्ये चक्कर आधी कमी करा, मग ततकारची (पायाच्या ठेक्यांची) द्रुत लय, मग घुंगरांची संख्या. शंभरवरून पन्नास, पन्नासवरून पंचवीस.

दुखापत झाली असेल आणि परत उभं राहायचं असेल तर हीच पायरी उलटी. आधी बसून हाताने ताल आणि तोंडाने बोल. मग उभं राहून फक्त वरचं अंग. मग अर्धी अरमंडी, उडीशिवाय. उडी सगळ्यात शेवटी, तीसुद्धा सलग दोन दिवस नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना दुखलं तर आदल्या पायरीवर परत. बसून बोल म्हणणारा माणूस 'आपण वर्गाबाहेर नाही' या भावनेने सावरतो, त्यामुळे आजारी मुलीला घरी पाठवणाऱ्या शिक्षकांनी तिला कोपऱ्यात खुर्ची द्यावी.

आता फरशी. बेळगावातले बहुतेक क्लास शहाबादी, ग्रॅनाइट नाहीतर कोब्यावर चालतात. नडगी, टाच आणि गुडघ्याची निम्मी दुखणी तिथूनच येतात आणि सहा महिने दुखणाऱ्या पायाने मन ताजं कसं राहणार? कोब्यावर रबराचे तुकडे ठोकलेल्या पट्ट्या साधारण फूटभर अंतरावर टाका, वर बारा मिलिमीटर प्लायचे दोन थर, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत. स्क्रूची डोकी आत दाबून त्यावर पुटी. आपल्याकडच्या पावसात प्लाय फुगते, म्हणून भिंतीपासून बोटभर जागा सोडायची. ती सोडत नाहीत आणि जुलैत मधोमध फुगवटा येतो.

#१० कुंदा_प्रेमी

आणि खाण्याचं? नाच बंद, पण भूक तीन तास नाचल्यासारखीच लागते. कुंदा समोर आला की संपलं.

#११ फरशी_आणि_फिजिओ

भूक दीड-दोन महिने जुन्याच हिशेबाने लागते, मग बसते. या काळात उपाशी राहणं ही मोठी चूक. आधी भात-भाकरीचा हिस्सा थोडा कमी करा, पण डाळ, अंडं, दही, मोड आलेली कडधान्यं तशीच ठेवा. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी. रोज काट्यावर उभं राहणारा रोज रडतो.

उलट बाजूही सांगतो. नाचत असताना 'सडपातळ दिसलं पाहिजे' म्हणून कमी खाणाऱ्या मुलींची पाळी तीन महिने आली नाही तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. खाणं खर्चाला पुरत नाही असा त्याचा अर्थ असू शकतो. त्यात हाडं ठिसूळ होतात, पायाच्या हाडाला बारीक चीर जाते आणि मनही ढासळतं. वर्गात 'पोट आत घे गं जाडे' म्हणणाऱ्या गुरूंचा यात मोठा वाटा असतो. आरशावर आठवड्यातून दोन दिवस पडदा टाकून वर्ग घेऊन बघा. ताल सुधारतो आणि रडारड कमी होते.

कुंदा आठवड्यातून एकदा. तोही बेळगावचाच.

#१२ कुंदा_प्रेमी

दंडवत. जिवात जीव आला.

#१३ रात्रपाळी_निपाणी

कार्यक्रमानंतरच्या रात्रीबद्दल कुणी लिहिलं नाही. जत्रेतला ऑर्केस्ट्रा रात्री एक-दोनला संपतो. शिट्ट्या, हलगी, लाइट बंद झाल्यावरही अंगातला जोर दोन-तीन तास उतरत नाही. पहाटे चारला टेम्पोत बसल्यावर एकदम पोकळ वाटतं. ही पोकळी नेहमीची आहे, तिला लगेच आजार म्हणू नका. पण रोज दारूने बुजवायला लागलात तर आजार होतो. दारूने डोळा लागतो खरा, पण उत्तररात्रीची झोप तुटते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली.

चालतं ते असं. चाळ सोडल्याबरोबर खाली बसायचं नाही, स्टेजमागे आठ-दहा मिनिटं सावकाश चालायचं. मग खोबरेल तेलाने मेकअप काढायचा, घाई न करता, कारण ते दहा मिनिटांचं काम डोकं शांत करतं. पाण्यात मीठ-साखर नाहीतर ताक. जेवण ताकभात, खिचडी असं हलकं. पहाटे तीनला तांबडा रस्सा नको, जळजळीने झोप जाते. चहा-कॉफी रात्री दहानंतर बंद, त्यातलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. आणि मोबाइल बघायचा नाही. त्या रात्रीचे व्हिडिओ कुणीतरी तोवर टाकलेले असतात आणि खालच्या कॉमेंट वाचून कुणाचं भलं झालेलं नाही. बघायच्याच असतील तर दुपारी, जेवण झाल्यावर, दुसऱ्या कुणाला शेजारी बसवून. घाणेरडं काही असेल तर स्क्रीनशॉट काढून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करायची, वाद घालायचा नाही.

उठायची वेळ शक्यतो रोज एकच ठेवा. रात्री कितीही वाजता झोपलात तरी दहाच्या पुढे अंथरुणात नको.

#१४ घेवडा

'बोर्डावर जाण्याआधी हात-पाय गार पडतात' यावर काय? हल्ली काही जण एक गोळी घेतात म्हणे.

#१५ संथ_लय

ती प्रोप्रॅनोलॉल. धडधड आणि थरथर थांबवते, भीती थांबवत नाही. दमा असलेल्याने घेतली तर श्वास अडकू शकतो, आणि कमी रक्तदाब असणाऱ्याला उभ्याने भोवळ येते. मैत्रिणीच्या पाकिटातली गोळी घ्यायची नाही, डॉक्टरला विचारूनच. त्याआधी हे करून बघा. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असं पाच मिनिटं. तालवाल्यांना मोजायला शिकवावं लागत नाही, दहा मात्रांचा झपताल आयताच मिळतो.

#१६ ढोलकीचा_घुमारा

झपतालाचे विभाग २-३-२-३. तुमचे चार-सहा त्यात कुठे बसतात? सहावी मात्रा 'खाली' (बिनटाळीची), तिथे श्वास अर्धवट राहील.

#१७ संथ_लय

रंगपटात एवढा विचार करत बसलात तर भीती आपोआपच जाईल. उपाय लागू पडला म्हणायचा.

#१८ गेज्जे_पूजे

मूळ प्रश्नातला 'काम बदलणं' हा भाग अजून आलेला नाही. सगळ्यात सोपा सल्ला असतो, 'क्लास काढ'. पण त्याने दोन गोष्टी बिघडतात.

एक, नाच सोडला म्हणता आणि चार बॅचना रोज करून दाखवता, म्हणजे गुडघ्याची मजुरी दुप्पट. शिकवायचंच असेल तर लाकडी ठोकळा आणि काठी घेऊन बसून शिकवायला शिका. बोल आणि काठीवर अडवू (भरतनाट्यमचे मूळ पदन्यास) करून घेणं ही वेगळी विद्या आहे, तिला वर्षभर द्यावं लागतं. मोठ्या दोन मुलींना करून दाखवायला पुढे उभं करायचं.

दोन, कागद. पालक विचारतात, 'तुमची परीक्षा कुठली?' आपल्याकडे दोन्ही दारं उघडी आहेत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत, आणि कर्नाटकाच्या ज्युनिअर, सीनिअर, विद्वत. नाचात दहा वर्षं काढलेल्यांची प्रात्यक्षिकाची तयारी असते, मार खातात ते लेखी पेपरात. रोज वीस मिनिटं श्लोक, हस्तांचे विनियोग आणि ताललिपी लिहून काढली तर वर्षात जमतं. मैसूरच्या गंगूबाई हनगल विद्यापीठात नृत्याची पदवीही आहे. मला विचाराल तर या मधल्या वर्षात परीक्षेसारखं औषध नाही. तारीख ठरलेली असते, वही असते, उद्या काय करायचं हे ठरलेलं असतं.

नट्टुवांगम (झांजा वाजवत बोल म्हणून नाच चालवणं) शिकलेलं माणूस आपल्या भागात कमी. रंगप्रवेशाला (शिष्येच्या पहिल्या एकल कार्यक्रमाला) ते बाहेरून आणावं लागलं तर प्रवास, मुक्काम, मानधन असा खर्च वाढत जातो. झांजा हातात घेऊन बसलेला माणूस स्टेजवरच असतो. नजर पूर्ण सुटत नाही आणि गुडघाही वाचतो.

#१९ वडगावचा_माग

शिवणाचं काम विसरू नका. शहापूर-वडगाव म्हणजे मागाचं गाव. शिवलेल्या नऊवारीला आणि भरतनाट्यमच्या पोशाखाला गॅदरिंगच्या दिवसांत मागणी असते, डिसेंबर-जानेवारीत तर भाड्याने द्यायलाही पुरत नाहीत. बाहेरचा शिंपी पंखा (पोशाखाचा पुढचा चुण्यांचा भाग) शिवतो तो उभ्याने छान दिसतो आणि अरमंडीत बसल्यावर उघडतच नाही. कारण त्याने माप उभ्याचं घेतलेलं असतं. नाचलेल्या बाईला माप बसवून घ्यायचं हे सांगावं लागत नाही. चुण्यांना आतून पट्टी लावायची, नाहीतर तिसऱ्या धुण्याला पंखा लोळतो. भाड्याच्या पोशाखाला अनामत घ्या, आणि काखेत सुटी घामपट्टी लावा म्हणजे कापड सडत नाही.

#२० अर्जदार

पैशाची बाजू, थोडक्यात. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची फेलोशिप आहे. कनिष्ठ २५ ते ४० वयाला महिना १०,०००, वरिष्ठ ४० च्या पुढे महिना २०,०००, दोन वर्षं. संशोधनाचा किंवा नव्या प्रयोगाचा नीट आराखडा लागतो, नुसता 'नाचतो' म्हणून मिळत नाही. वृद्ध कलावंतांना केंद्राचं मानधन साठीनंतर, कर्नाटकाचं अठ्ठावन्नच्या पुढे. महाराष्ट्राचं राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचं मानधन पन्नाशीनंतर, २०२४ पासून महिना ५,०००, पण राहणं महाराष्ट्रात हवं.

इथेच आपल्या भागातल्या बायका अडकतात. निपाणीत राहून आयुष्यभर कोल्हापूर-सांगलीच्या फडात नाचलेल्या बाईची कात्रणं तिकडची आणि रेशनकार्ड इकडचं. तिकडे रहिवास नाही म्हणतात, इकडे कामाचा पुरावा मागतात.

#२१ हुक्केरी_हायवे

सीमाप्रश्न काढू नका म्हणाला होता ना?

#२२ अर्जदार

हा कागदाचा प्रश्न आहे हो. उपायही कागदाचाच. पंचविशीपासून प्रत्येक पोस्टर, हँडबिल, पावती, पेपरातलं कात्रण तारीख घालून एका फाइलीत ठेवा. इकडच्या गावांच्या जत्रा केल्या असतील तर जत्रा कमिटीचं पत्र त्याच आठवड्यात घ्या. वीस वर्षांनी कमिटी बदललेली असते आणि शिक्का हरवलेला असतो. ई-श्रम कार्ड १६ ते ५९ वयात निघतं, तेही काढून ठेवा.

लंडनला १९७३ पासून नर्तकांना दुसरं काम शिकायला पैसे देणारा निधी आहे. आपल्याकडे फाइल आहे.

#२३ सौंदत्तीची_वाट

यल्लम्माच्या डोंगरावर नाचणाऱ्या जोगतींची (देवीला वाहिलेल्यांची, त्यांत तृतीयपंथीही आले) आठवण या धाग्यात कुणालाच झाली नाही. तेही पोटासाठीच नाचतात. डोक्यावर जग (देवीची टोपली) घेऊन नाचणाऱ्याचा गुडघ्याआधी मानेचा मणका जातो. देवाला सोडण्याची प्रथा कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने बंद केली, पण आधी सोडलेल्यांचं पुढचं काम, घर, म्हातारपण यांचं गणित सुटलेलं नाही. मंजम्मा जोगती २०१९ साली कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एकीला मान मिळाला म्हणून बाकीच्यांची बस चुकायची थांबत नाही. तृतीयपंथी कलाकारांना ओळखपत्र २०१९ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं, त्याशिवाय बाकीचे अर्ज पुढे सरकत नाहीत. आणि डॉक्टरकडे गेल्यावर 'हे असं का वागता' इथून तपासणी सुरू झाली तर उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जा. जोगती असणं हा आजार नाही, झोप न लागणं हा त्रास आहे. औषध त्यावर घ्यायचं.

#२४ घेवडा

जायचं कुठे पण? आणि मराठीत बोलणारं कुणी भेटतं का?

#२५ संथ_लय

बेळगावात सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, केस पेपर काढून जाता येतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनोचैतन्य कार्यक्रमात मंगळवारी मानसोपचार डॉक्टर येतात. कोणत्या मंगळवारी ते आदल्या दिवशी विचारून जा. मोठं काही असेल तर धारवाडचं डिमहान्स (मनाच्या आजारांची सरकारी संस्था), बेळगावहून पाऊणशे किलोमीटर. निपाणीवाल्यांना कोल्हापूर जवळ पडतं.

भाषेचं म्हणाल तर रोजचं कन्नड सगळ्यांना येतं, पण 'जीव घुसमटतो', 'मन उडालंय' हे परक्या भाषेत सांगताना माणूस 'डोकं दुखतं' एवढ्यावर थांबतो आणि गोळीही डोकेदुखीची घेऊन येतो. म्हणून आधी घरी मराठीत पाच ओळी लिहून न्या: कधीपासून, झोप किती तास, भूक कशी, रडू कधी येतं, काम किती बुडालं. वाचून दाखवा. १४४१६ वर फोन लागला की सुरुवातीलाच मराठी भाषा मागा.

औषध सुरू झालं तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, झोपाळूपणा येतो आणि लोक तिथेच सोडतात. बरं वाटायला लागल्यावरही मनाने बंद करू नका. कार्यक्रमाच्या रात्री गुंगी नको असेल तर डॉक्टरला तसं सांगा, वेळ बदलून मिळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपनीला शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजारालाही विमा देणं बंधनकारक आहे, आणि जीव द्यायचा प्रयत्न केलेल्याला आधी उपचार द्यायचे, शिक्षेची भाषा करायची नाही, हेही त्याच कायद्यात आहे. पोलिसांच्या धाकाने दवाखाना टाळू नका.

#२६ हुक्केरी_हायवे

राहिलेल्या अर्ध्याचं सांगतो. ते चोचले म्हटलं ते मागे घेतो. पण एक आक्षेप ठेवतो. सगळ्यांनी बायकांचंच लिहिलं. पुरुष नर्तकाला 'नाच्या' म्हणून चिडवतात, लग्नाच्या बैठकीत मुलाचं काम 'इव्हेंटमध्ये आहे' असं सांगतात. त्याने नाच सोडला की घरात पेढे वाटतात. सगळे खूश असताना हा एकटा उदास, मग बोलणार कुणाशी? अशा घरात काय करायचं तेही लिहा की कुणीतरी. नुसतं वाचूलालाय सगळे.

#२७ तुणतुणं

रास्त मुद्दा. मुलींचंही तेच, 'लग्नानंतर नाच नको' ही अट मान्य करताना सगळे हसतमुख असतात. घरच्यांनी दोनच गोष्टी कराव्यात. 'बरं झालं सुटलास' हे वाक्य तोंडातून काढू नये. आणि त्याची रोजची रियाजाची वेळ लगेच घरकामाने भरू नये. सहा ते साडेसात रियाज होता ना, त्या वेळेत दूध आणायला पाठवू नका, तो दीड तास त्याचाच राहू द्या. त्याने झोपून काढला तरी चालेल.

#२८ शहापूर_कट्टा

भरपूर मिळालं, आभार. सगळ्यांचं वाचून मी लावलेला क्रम असा. आधी उचल मिटवायची. नाच चालू असतानाच दुसऱ्या कामाचा श्रीगणेशा करायचा, परीक्षा, झांजा, शिवण, जे असेल ते. मग बारा आठवड्यांत शरीर उतरवायचं. नजर सगळ्यात शेवटी सोडायची, वर्षातून एखादा कार्यक्रम ठेवला तरी बिघडत नाही. आणि रियाजाची ती ठरलेली वेळ सोडायचीच नाही. फडाचा_हिशेब, क्रम पटतो का?

#२९ फडाचा_हिशेब

पटतो. फक्त दुसरं काम उचलीच्या आधी धरा. त्या कामाचे चार पैसे आल्याशिवाय उचल फिटत नाही.

#३० घेवडा

एक बारीक शंका. उतरवलेल्या चाळेचं काय करायचं? बरेच जण काचेच्या कपाटात टांगतात.

#३१ गेज्जे_पूजे

टांगू नका. येता-जाता डोळ्यांसमोर राहते आणि दोरीही ताणून सैल होते. कोरड्या फडक्याने पुसून, सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात पितळेवर हिरवट पुट चढतं, ते चिंचेच्या पाण्याने जातं, पण लगेच धुऊन उन्हात खडखडीत वाळवा, नाहीतर घुंगराच्या आतला खडा गंजतो आणि आवाज बसतो. दोन-तीन महिन्यांनी काढून पुन्हा पुसायची. ज्यांना ओवून नवी करायचीय त्यांनी प्रत्येक घुंगरानंतर गाठ मारा, म्हणजे एकमेकांवर सरकत नाहीत आणि घोट्याला चावत नाहीत.

#३२ घेवडा

दोरी सुती की नायलॉन?

#३३ ढोलकीचा_घुमारा

सुती. नायलॉनची गाठ घामाने सुटते आणि मग घुंगरं शोधायला पहिल्या रांगेतल्या पोरांना कामाला लावावं लागतं.

#३४ कुंदा_प्रेमी

पोरं परत देतात का?

#३५ ढोलकीचा_घुमारा

निम्मी.